पग कुठून आला आणि त्याला घर कसलं हवं

आज आपण एका कुत्र्याचा इतिहास ऐकणार आहोत. कुत्र्याला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण या कुत्र्याच्या गोष्टीत राजवाडे आहेत, जहाजं आहेत, मुंबईतला एक दंगा आहे आणि लंडनमधली एक धीट बाईसुद्धा आहे. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडं द्या.

२००३ साली टीव्हीवर हच या मोबाईल कंपनीची जाहिरात लागायची. लहान मुलगा जाईल तिथं त्याच्या मागं मागं एक बुटकं, चपट्या तोंडाचं, कपाळाला आठ्या असलेलं कुत्रं चालायचं. तुम्ही जाल तिथं आमचं नेटवर्क येईल, एवढंच कंपनीला सांगायचं होतं. २००७ साली हचचं व्होडाफोन झालं, तरी कुत्रं तेच राहिलं. अजूनही आपल्याकडं त्याला 'हचचं कुत्रं' म्हणतात. त्याच्या जातीचं खरं नाव पग.

जाहिरातीनंतर शहरांत पगला मागणी वाढली. मागणी वाढली की माल काढणारे येतातच. कुणी फ्लॅटच्या बाल्कनीत, कुणी पत्र्याच्या शेडमध्ये माद्या ठेवून पिल्लं काढू लागले. हौसेनं आणलेलं पिल्लू मोठं झालं, घोरायला लागलं, औषधाचा खर्च वाढला, की काही लोक त्याला लांबच्या रस्त्यावर सोडून येऊ लागले. पिल्लं देऊन देऊन थकलेल्या माद्यांची तीच गत. प्राण्यांसाठी काम करणारी मंडळी असे पग उचलून आणतात, औषधपाणी करतात आणि त्यांना नवं घर शोधतात. त्यालाच कुत्रं दत्तक देणं म्हणतात.

हा विषय आम्ही घेतला तो आमच्या गटांच्या बैठकीत आलेल्या दोन प्रश्नांमुळं. एका ताईंचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या ओळखीतून अशीच सोडून दिलेली, पाच वर्षांची पग मादी मिळत होती. पण देणारे म्हणाले, आधी आम्ही घर बघायला येऊ. ताई चिडल्या. "फुकटचं कुत्रं, आणि वर घर बघायला येणार? सोयरीक जुळवायचीय का?" सगळ्या बाया हसल्या. तेवढ्यात दुसऱ्या ताईंनी हिशोब मांडला. मादी फुकट मिळतेय, नर कुठूनही आणू, एकेक पिल्लू हजारांत जातं. गटानं कर्ज दिलं तर हा शेळीपालनापेक्षा बरा धंदा. त्या दिवशी आम्ही समन्वयकांनी दोघींनाही लगेच उत्तर दिलं नाही. आधी या कुत्र्याची माहिती काढायला बसलो.

पग मूळचा चीनचा. तिथल्या बादशहांच्या वाड्यांत आखूड नाकाची लहान कुत्री पाळायचे. शिकार नाही, राखण नाही, माणसाच्या मांडीवर बसायचं हेच त्यांचं काम. डच व्यापाऱ्यांनी ही कुत्री युरोपात नेली. डच म्हणजे आपल्या वेंगुर्ल्याला ज्यांची वखार होती, तेच. १६८९ साली हॉलंडचा विल्यम आणि त्याची राणी मेरी इंग्लंडच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांच्याबरोबर पगही तिथं गेले. फ्रान्सच्या जोसेफीनकडं एक पग होता. त्यानं नेपोलियनला लग्नाच्या रात्री चावा घेतला असं सांगतात. खरंखोटं तोच जाणे, पण गोष्ट ऐकून आम्हाला बरं वाटलं.

आता नाकाकडं लक्ष द्या. लंडनमध्ये विल्यम होगार्थ नावाचा चित्रकार होता. १७४५ साली त्यानं स्वतःचं चित्र काढलं आणि शेजारी आपला लाडका पगही काढला. त्या चित्रातल्या पगला चांगलं पुढं आलेलं नाक आहे. आजचा पग शेजारी ठेवला तर दोघं एका जातीचे वाटणार नाहीत. मधल्या काळात काय झालं? इंग्लंडमध्ये कुत्र्यांची प्रदर्शनं भरू लागली. १८७३ साली केनेल क्लब निघाला, १८८३ साली पगचा वेगळा क्लब निघाला. कुठल्या जातीचं कुत्रं कसं दिसावं हे लिहून ठरवलं गेलं. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला बक्षीस, मग त्याचीच पिल्लं घ्यायची, त्यांतलं आणखी चपटं निवडायचं. आपल्याकडं जोडीची जनावरं निवडतात, पण ती दुधासाठी नाहीतर ओढकामासाठी. इथं निवड झाली ती फक्त तोंड बघून.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा गारव्याचा मुख्य मार्ग. पगचं नाक बाहेरून आखूड झालं, पण आतलं मांस आणि टाळूचा पडदा तेवढाच राहिला. घराची एक खोली पाडली आणि सामान मात्र सगळं ठेवलं, तर चालायला वाट राहील का? तसं त्याच्या श्वासाचं झालं. तो घोरतो, फुरफुरतो, ते लाडानं नव्हे. हवा आत घ्यायला त्याला जोर करावा लागतो. डोळे खोबणीतून पुढं आलेले, म्हणून त्यांना लवकर इजा होते. तोंडावरच्या घड्यांत ओल राहिली की कातडी खराब होते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं २०२२ साली हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. इतर कुत्र्यांच्या मानानं पगला एखादा तरी आजार असण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली. ज्या डचांनी पगला युरोप दाखवला, त्यांच्याच देशात आता फार आखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदास करायला बंदी आहे.

हे झालं कुत्र्याचं. आता टाकून दिलेल्या कुत्र्याचं काय करायचं, या प्रश्नाचा इतिहास बघू. तो आपल्या मुंबईत सापडतो. १८३२ साली कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम कडक केला. मारलेल्या कुत्र्यामागं शिपायांना पैसे मिळायचे. पैसे मिळतात म्हटल्यावर शिपाई कुठलं कुत्रं मोकाट आणि कुठलं पाळलेलं, हे कशाला बघतील? पारशी समाजात कुत्र्याला धर्मात मान आहे. जून महिन्यात ते रस्त्यावर आले, दुकानं बंद झाली, मोठा दंगा झाला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. लुळं, म्हातारं, टाकलेलं जनावर तिथं यायचं आणि मरेपर्यंत राहायचं.

पांजरपोळ हे मोठं काम, यात शंका नाही. पण तिथं आलेल्या जनावराचं पुन्हा कुणाच्या घरी माणसांत जाणं होत नसे. त्या बाजूनं विचार झाला तो लंडनमध्ये, आणि तो केला मेरी टील्बी या बाईनं. नवऱ्यापासून वेगळी झालेली, भावाच्या आधारानं राहणारी, हाती फार पैसा नसलेली. १८६० साली तिनं हॉलोवे भागातल्या एका तबेल्यात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी जागा सुरू केली. तिच्या नावातच 'तात्पुरतं घर' असे शब्द होते. म्हणजे कुत्रं इथं थोडे दिवस राहील, त्याचा मालक शोधू, नाही सापडला तर दुसरा बघू. वर्तमानपत्रानं तिची टिंगल केली. माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ती १८६५ मध्ये वारली, पण काम थांबलं नाही. १८७१ मध्ये ती संस्था बॅटरसी या भागात गेली आणि आजही तिथं कुत्र्यांना घरं शोधून देते.

घर बघायला येणं यातूनच आलं. एकदा टाकलेलं जनावर पुन्हा टाकलं जाऊ नये, म्हणून कुत्र्याआधी घर तपासायचं. आमच्या चिडलेल्या ताईंना आम्ही हेच सांगितलं. घर बघायला येणारे तुमची ऐपत मोजत नाहीत, तुमच्या घरातली दुपार मोजतात. (मुलगी देताना आपण सासरच्या घरातली दुपार कधी मोजली का, असं एक म्हातारी आजी बैठकीत बोलून गेली. त्यावर मात्र कुणी हसलं नाही.)

कारण पगला खरा धोका दुपारचा. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात आपला जीव नको होतो, तिथं पग मरू शकतो. गावठी कुत्रं नांगरटीत खड्डा करून गारव्याला पडतं, त्याला लांब नाक आहे, पाय आहेत, अक्कल आहे. पगला तुमच्याबरोबर घरातच राहावं लागतं. स्लॅबचं किंवा मातीच्या भिंतीचं गार घर, कुणीतरी दिवसभर घरात असणारं, फिरवायचं तर पहाटे आणि दिवस मावळल्यावर. मळ्यातल्या वस्तीवर राखणीला त्याचा काही उपयोग नाही. जुन्नरकडच्या बायांना तर सांगायलाच नको, बिबट्या आधी कुत्रंच उचलतो आणि पगला पळताही येत नाही. गळ्याला पट्टा बांधला की श्वास आणखी अडतो, म्हणून छातीभोवतीचा पट्टा लागतो. खाण्याचंही तसंच. उरलेलं कालवण ओतून चालणार नाही, कारण कांदा कुत्र्याला विषासारखा, आणि द्राक्षं-बेदाणेही तसेच. नाशिककडच्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. पग खादाड असतो, वजन वाढलं की श्वास आणखी जड होतो. दरवर्षी रेबीजची लस, डोळ्यांची आणि कातडीची औषधं, हा खर्च आधी वहीत मांडा. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाईगुरांबरोबर कुत्र्यांनाही तपासतात का, तेही आधी विचारा.

आता कर्जाचं. त्या ताईंचा अर्ज आम्ही गटापुढं ठेवला आणि गटानं तो नाकारला. एक तर अशी मादी बहुतेक नसबंदी करूनच देतात, आणि पिल्लं काढणार नाही असं लिहून घेतात. दुसरं, २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं पैदाशीच्या धंद्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण बैठकीत हे कायदे सांगायची वेळच आली नाही. ती मादी बाळंतपणं करून करूनच रस्त्यावर आली, हे कळल्यावर बायाच म्हणाल्या, तिला परत त्याच कामाला लावायचं नाही. अर्ज करणाऱ्या ताई थोड्या नाराज झाल्या. त्यांना शेळ्यांसाठी कर्ज मिळालं. शेळीला निदान देवानं दिलेलं नाक आहे.

घर बघायला माणसं आली ती मुद्दाम मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. माजघरात बसली, पाणी प्यायली, भिंतींना हात लावून बघितला. घरात दिवसभर कोण असतं असं विचारल्यावर ताईंच्या सासूबाई पुढं झाल्या, "मी असते की. गुडघ्यानं मला कुठं जाता येतं?" मोरीची आणि दाराची जागा बघून झाली. मग त्यांनी सांगितलं, घर चालेल, पण या उन्हात प्रवास नको, पाऊस पडला की घेऊन येतो. मृगाचा पाऊस उशिरा आला. जूनच्या शेवटी ती मादी आली. आता ती सासूबाईंच्या पलंगाखाली झोपते आणि दोघी सारख्याच घोरतात, अशी ताईंची तक्रार आहे.