सर्पगंधा आणि चिकट राळ

मागच्या आठवड्यात एका बगने नाकी नऊ आणले. शेवटी जुनीच युक्ती केली. कोडचे दोन भाग करायचे, गडबड कशात दिसते ते बघायचं, आणि तेवढाच भाग पुन्हा फोडायचा. रात्री घरी येताना सर्पगंधाची गोष्ट आठवली. म्हटलं, या वीकएंडला तीच सांगू.

सर्पगंधाची मुळी आपल्याकडे वेडावर, निद्रानाशावर पिढ्यान् पिढ्या देतात. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने या मुळीतून काही पांढरे, काही पिवळे स्फटिक वेगळे काढले. एकाला हकीम अजमल खानांवरून नाव दिलं, अजमलीन. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी लिहिलं की मुळीने रक्तदाब उतरतो आणि बेभान रोगी शांत होतो.

आता गंमत बघा. मुळी रोग्याला शांत करायची, पण तो गुण या स्फटिकांत काही सापडेना! शुद्ध स्फटिक हातात आला की रसायनशास्त्रज्ञ खूश. मागे उरतो तो चिकट राळेसारखा गाळ, त्यात कोण हात घालणार? पण भारतातल्याच संशोधकांना १९४० च्या दशकात दिसलं की शांत करणारा गुण त्या राळेत आहे.

१९४९ मध्ये मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. त्यांनी वापरली होती सबंध मुळीची गोळी, कुठलाही वेगळा काढलेला घटक नव्हे. त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष इकडे वळलं.

१९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी राळ फोडली. प्रत्येक भाग प्राण्यांवर तपासायचा, गुण दिसला तर तोच पुढे फोडायचा. म्हणजे आमचीच युक्ती की! हाती आलं रेझर्पीन. मुळीत हजारात जेमतेम एखादा भाग, आणि रक्तदाबाला रोज पाव मिलिग्रॅमही पुरतं.

रेझर्पीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअ‍ॅड्रेनलीनसारखी रसायनं रिकामी करतं. त्यामुळे रक्तदाब उतरतो आणि मनही थंडावतं. पण काही रुग्ण फारच उदास झाल्याच्या नोंदी आल्या, नवी औषधंही आली, आणि याचा वापर घटला.

आणि ते अजमलीन? ते आज ब्रुगाडा सिंड्रोम ओळखायला वापरतात. या आजारात हृदय वरवर ठीक दिसतं आणि एक दिवस अचानक बंद पडू शकतं. काही देशांत डॉक्टर शिरेतून अजमलीन देतात आणि ईसीजीवर लपलेली खूण दिसते का ते बघतात.

म्हणजे दिल्लीचा तो स्फटिक निकामी नव्हताच. त्याला कुठला प्रश्न विचारायचा, हे १९३१ मध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, इतकंच.

असो. माझा बग सापडला. लॉग फाइलमध्ये होता, जी मी 'कचरा' म्हणून उघडतच नव्हतो.