गुडघ्यांवर बसलेला क्वार्टरबॅक

रद्दीच्या दुकानात जायची मला जुनी खोड आहे. कवितांची पुस्तकं तिथे क्वचितच मिळतात, चित्रं मात्र खूप मिळतात. एकदा एका फाटक्या इंग्रजी मासिकात एक काळापांढरा फोटो दिसला आणि मी तिथेच थांबलो. गवतावर एक माणूस गुडघे टेकून बसलाय. हात मांड्यांवर, डोक्याला पूर्ण टक्कल आणि त्या टकलावरून चेहऱ्यावर उतरलेले रक्ताचे ओघळ. क्षणभर मला वाटलं, नमाजात शेवटी बसतात तसा कुणी म्हातारा बसलाय. मग खांद्यांवरचं जाडजूड खोगीर दिसलं, आणि कळलं की हा खेळाडू आहे. वय ३७.

त्याचं नाव वाय. ए. टिटल. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा क्वार्टरबॅक. तारीख २० सप्टेंबर १९६४, गाव पिट्सबर्ग.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातात धरून पळतात, फेकतात आणि समोरच्याला अंगावर घेऊन पाडतात. क्वार्टरबॅक हा त्या संघाचा मेंदू. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. दोन-तीन सेकंदांत त्याला मागे सरकायचं असतं, कोण मोकळा आहे ते हेरायचं असतं आणि चेंडू फेकायचा असतो. तेवढ्या वेळात समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर धावून येत असतात. त्यांना अडवायला त्याच्या पुढे स्वतःच्या माणसांची भिंत असते. भिंत टिकली तर चाळिशीचा क्वार्टरबॅकही तरुण दिसतो. भिंत फुटली की त्याचं वय एका दुपारीत साऱ्या मैदानाला कळतं.

टिटल त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा. दहा वर्षं तिथे खेळल्यावर १९६१ साली त्या संघाला चपळ, पळणारे तरुण क्वार्टरबॅक हवे झाले आणि पस्तिशीला टेकलेल्या टिटलला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. बदल्यात घेतला एक तरुण गडी, ज्याचं नाव आज टिटलच्या गोष्टीतच आठवलं जातं. न्यूयॉर्कलाही एक म्हातारा क्वार्टरबॅक होताच, चार्ली कॉनर्ली, चाळिशीचा. टिटलने त्याची जागा घेतली. म्हणजे म्हाताऱ्याला बाजूला सारून जागा घेण्याचा खेळ तो स्वतःही खेळला होता, हे विसरू नये.

आणि मग तो बहरला. १९६२ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध एकाच सामन्यात त्याने सात टचडाऊन फेकी केल्या. १९६३ मध्ये एका मोसमात ३६. लीगमधला हा आकडा मोडायला १९८४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६१, ६२, ६३, सलग तीन वर्षं जायंट्स अंतिम सामन्याला पोचले आणि तिन्ही वेळा हरले. शेवटचा २९ डिसेंबर १९६३ रोजी, शिकागोच्या गोठवणाऱ्या थंडीत. पूर्वार्धातच टिटलचा गुडघा दुखावला. लंगडत तो पुन्हा उतरला आणि त्याच्या पाच फेकी प्रतिस्पर्ध्यांनी मधल्या मध्ये पकडल्या. १४-१० अशी हार.

त्या रात्री त्याने थांबायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण विचार करा, वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला ‘आता घरी जा’ असं कोण सांगणार? आणि चार गुणांनी हुकलेलं अजिंक्यपद माणसाला घरी बसू देतं का?

आपल्याकडे अशा वेळी एक वचन हमखास ऐकवलं जातं. लोक ‘का जातोस’ असं विचारत असतानाच जावं, ‘का जात नाहीस’ असं विचारेपर्यंत थांबू नये. हे विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जातं. मर्चंट १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून गेले, कसोटीतली त्यांची सर्वोच्च खेळी. पण वचन ऐकवणारे पुढची गोष्ट सांगत नाहीत. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला आणि कसोटी क्रिकेट थांबलं ते त्या दुखापतीने. वेळेवर जाण्याचा आदर्श म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो, त्यांची वेळही खांद्यानेच ठरवली होती!

तर १९६४. त्या वर्षी जायंट्सच्या प्रशिक्षकाने, अॅली शर्मनने, जुना संघ मोडायला घेतला होता. बचावाचा कणा सॅम हफ वॉशिंग्टनला गेला. डिक मॉझेलेव्स्की क्लीव्हलँडला गेला. रोझी ग्रिअर त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. ही सगळी बचावाची माणसं. त्यांच्या जाण्याने क्वार्टरबॅकचं काय बिघडतं, असं वाटेल. बचाव ढासळला की समोरचा संघ भराभर गुण करतो. आपण मागे पडतो. मागे पडलं की धावून खेळायला सवड राहत नाही, प्रत्येक वेळी चेंडू फेकावाच लागतो. आणि तो फेकणारच हे समोरच्यांना ठाऊक असलं की ते बिनधास्त त्याच्या अंगावर येतात. घराची मागची भिंत पाडली आणि छप्पर मात्र तसंच ठेवलं, अशातली ही गोष्ट.

पिट्सबर्गला मोसमाचा दुसराच सामना. आपल्याच गोलरेषेजवळून टिटलने फेक केली आणि त्याच क्षणी जॉन बेकर नावाचा उंचापुरा बचावपटू येऊन त्याच्यावर आदळला. हेल्मेट उडालं. फेक मधेच पकडली गेली आणि तिचा टचडाऊन झाला. टिटलच्या मेंदूला धक्का बसला होता, छातीच्या हाडाला तडा गेला होता. पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेटचा छायाचित्रकार मॉरिस बर्मन सामन्याकडे न बघता त्या दिवशी टिटलकडेच बघत होता. हाच बर्मन महायुद्धात मिलानला मुसोलिनीच्या प्रेताचा फोटो काढून आला होता. तेव्हा पडलेली माणसं त्याला नवी नव्हती. गंमत अशी की त्याच्या संपादकाने हा फोटो छापला नाही. कारण यात काही घडतच नाही! पुढे त्याच फोटोला देशपातळीवरचं पारितोषिक मिळालं. आज तो ओहायोतल्या कँटनच्या फुटबॉल संग्रहालयात आहे.

माझं मत विचाराल तर टिटलने १९६४ च्या मोसमात उतरायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. त्या दुपारनंतर मात्र त्याला पुन्हा उतरवायला नको होतं. यात मानापमान नाही, हाडामांसाचा प्रश्न आहे. तो उरलेला मोसम खेळला. १० टचडाऊन फेकी, पकडल्या गेलेल्या फेकी २२. जायंट्सने १४ पैकी फक्त दोन सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात क्लीव्हलँडने त्यांना ५२-२० असं चिरडलं. मॉझेलेव्स्की आता त्या बाजूला होता आणि त्याच महिन्यात क्लीव्हलँड अजिंक्य झालं.

आमच्या मुशायऱ्यांतही हे दिसतं. आवाज गेलेल्या उस्तादाला शेवटी बोलावतात, कारण नाव मोठं, तिकिटं त्याच्यावर खपतात. शेर विसरला की पुढच्या रांगेतले एकमेकांकडे बघतात. त्याला बोलावणारा मात्र कुणाला दिसत नाही. मीही आता पन्नाशीत आहे, म्हणून ही नजर मला जरा जास्त टोचते.

टिटल एकटाच असा नव्हे. जॉनी युनायटस १९७३ साली चाळिशीत सॅन डिएगोच्या हरणाऱ्या संघाकडून उतरला आणि डॅन फाउट्स या नवख्याने त्याची जागा घेतली. टॉम ब्रेडी फेब्रुवारी २०२२ मध्ये निवृत्त झाला, चाळीस दिवसांत परतला, आठ सामने जिंकून नऊ हरलेल्या संघाबरोबर आणखी एक मोसम काढला आणि २०२३ मध्ये ४५ व्या वर्षी पुन्हा निवृत्त झाला.

टिटल गेल्यावर जायंट्स सुधारले का? १९६५ मध्ये नवा क्वार्टरबॅक आणला, सात जिंकले, सात हरले. म्हणजे थोडा दोष टिटलच्या वयाचाही होता, हे मान्य करायला हवं. पण १९६६ मध्ये तर एकच सामना जिंकला, बारा हरले. पुन्हा बाद फेरी गाठायला त्यांना १९८१ पर्यंत थांबावं लागलं.

टिटल कॅलिफोर्नियात परतला, विम्याचा धंदा केला, १९७१ मध्ये त्याचं नाव कँटनच्या मानकऱ्यांत लागलं आणि २०१७ साली, नव्वदीत, तो वारला. अजिंक्यपद त्याला कधीच मिळालं नाही. त्याला पाडणारा जॉन बेकर १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला. प्रचारात त्याने तोच फोटो वापरला, आणि निवडून आला.