हलक्या हॉट रॉडमधील लहान डिस्क ब्रेकची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातील तरुण कारागीर जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवून, वजन घटवून आणि इंजिनाची ताकद वाढवून ज्या वेगवान गाड्या घडवू लागले, त्यांना ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. अशा जुन्या घडणीच्या गाडीच्या पुढच्या चाकांत आज लहान डिस्क ब्रेक दिसला, की परंपरेचे काही अभिमानी त्याला उपरा ठरवतात. परंतु या ब्रेकचे कूळ तपासले असता तो हॉट रॉडच्या संस्कृतीइतकाच जुना, किंबहुना तिच्याहूनही जुना असल्याचे दिसते.

चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गाडी थांबवण्याच्या रचनेचे पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये घेतले. चकतीवर घासणारे त्यांचे तांब्याचे अस्तर कर्कश आवाज करी आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजे, त्यामुळे ही कल्पना मागे पडली. त्याच वर्षी लुई रेनो यांनी पुढे आणलेला ड्रम ब्रेक, म्हणजे पोकळ डब्याच्या आतून अर्धगोल ‘शू’ बाहेर दाबून चाक अडवण्याची रचना, पुढील अर्धे शतक टिकली; कारण तिचे भाग झाकलेले राहत आणि फिरत्या ड्रमच्या ओढीने शू आपोआप अधिक घट्ट बसत असल्याने पायाला जोर कमी लागे.

हॉट रॉडचा कच्चा माल असलेल्या 1932 च्या फोर्डमध्ये हे ड्रम ब्रेकही लोखंडी दांड्यांनी ओढून चालवले जात, आणि ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक हेन्री फोर्ड यांनी स्वीकारले ते थेट 1939 च्या मॉडेलपासून. मोहावी वाळवंटातील कोरड्या सरोवरांच्या तळावर, जिथे 1937 मध्ये स्थापन झालेल्या ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’च्या शर्यती होत, तिथे थांबायला जागा मुबलक असली तरी शहरातल्या चौकात ती नव्हती, म्हणून 1939 ते 1948 या काळातील फोर्डचे हायड्रॉलिक ड्रम भंगारातून मिळवून जुन्या आसांवर बसवण्याची प्रथा रूढ झाली. आज जे ‘अस्सल’ मानले जाते ते मुळात अशीच एक उसनी जोडणी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याच संघटनेने बॉनेव्हिलच्या मिठागरावर पहिली वेगस्पर्धा भरवली ते 1949 हे वर्ष डिस्क ब्रेकच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. सिनसिनाटीच्या पॉवेल क्रॉस्ले यांनी त्या वर्षी ‘हॉटशॉट’ या जेमतेम पाचशे-साडेपाचशे किलोच्या खुल्या गाडीच्या चारही चाकांना गुडइयर-हॉले बनावटीचे, विमानांच्या ब्रेकवरून बेतलेले लहान डिस्क ब्रेक दिले. बर्फाळ प्रदेशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे ते गंजून अडकू लागले आणि थोड्याच काळात क्रॉस्ले यांची कंपनी पुन्हा ड्रमकडे वळली. तरीही अमेरिकेत उत्पादित मोटारीच्या चारही चाकांवर लहान डिस्क प्रथम आली ती मोठ्या आलिशान गाडीत नव्हे, तर वजनाने नगण्य अशा गाडीत, आणि या कुळकथेचा गाभा तोच आहे. 1953 मध्ये डनलॉप डिस्क असलेल्या जग्वार सी-टाइपने ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकल्यावर या रचनेविषयीची शंका संपली: तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, तापलेली चकती मात्र जाड होऊन पॅडकडेच सरकते आणि उघड्या हवेत लवकर निवते. पुढे 1960 च्या दशकात गो-कार्ट आणि ड्रॅग शर्यतींच्या गाड्यांसाठी एअरहार्ट यांचे छोटे कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारे पिस्टनयुक्त जबडे, प्रचारात आले आणि 1977 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या विलवूडसारख्या कंपनीने शर्यतीच्या गाड्यांसाठी हलके अॅल्युमिनियम कॅलिपर बनवण्याचा व्यवसाय उभारला.

हलक्या गाडीला लहान डिस्क पुरते याचे कारण असे की, समान वेगाला निम्म्या वजनाच्या गाडीत निम्मीच गतिज ऊर्जा असते आणि ब्रेकला उष्णतेत रूपांतरित करायची असते ती तेवढीच. शिवाय अरुंद पुढचा टायर रस्त्याला जितके धरू शकतो त्याहून अधिक जोराचा ब्रेक केवळ चाक जखडून टाकतो. साधारण दहा इंची चकती पंधरा किंवा सोळा इंची जुन्या चाकात सहज मावते, आसावरचे वजनही वाढवत नाही. तिच्यावर कंगोरेदार ड्रमचे खोटे आवरण चढवण्याची रीत दिसते, परंतु ज्या भागाला स्वतःचा एवढा इतिहास आहे त्याला असे झाकण्याची गरज नाही.

एका बाबतीत मात्र जोडणी करणाऱ्याने सावध राहिले पाहिजे. जुन्या फोर्डमध्ये ऑइलचा दाब निर्माण करणारा मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीच्या खाली, बहुधा कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो आणि त्यामुळे ऑइल मागे ओघळते. ते रोखण्यासाठी डिस्कच्या नळीत चौरस इंचाला सुमारे 2 पौंड दाब राखून ठेवणारी झडप बसवतात. ड्रमसाठी असलेली 10 पौंडांची झडप चुकून तिथे राहिली, तर पॅड चकतीला सतत घासत राहतात आणि ब्रेक विनाकारण तापतो. म्हणून मागे ड्रम आणि पुढे डिस्क अशी मिश्र जोडणी करताना दोन्ही नळ्यांतील झडपा आधी तपासाव्यात, मगच गाडी रस्त्यावर आणावी.