विनापरवाना लहरींचा वारसा

घरातील संगणकाची बिनतारी जोडणी अधूनमधून तुटू लागली की दोष सहसा राउटरच्या माथी मारला जातो. तो बंद करून पुन्हा चालू केला जातो आणि जोडणी काही काळ सुरळीत चालली की शोध तिथेच थांबतो. या तुटण्याचे मूळ मात्र अनेकदा यंत्राच्या बाहेर, रेडिओलहरींच्या वाटपाविषयी विसाव्या शतकात झालेल्या निर्णयांत सापडते, आणि ते निर्णय समजून घेतल्याशिवाय घरातील बिघाडाचे निदान बहुधा अंदाजानेच होत राहते.

पहिला धागा हवाई बेटांकडे जातो. तेथील विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली असल्याने नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे रेडिओवर चालणारे संगणकजाळे सुरू केले. प्रत्येक केंद्राला स्वतंत्र वारंवारिता न देता, मुख्य संगणकाकडे माहिती पाठवताना सर्वांनी एकच वारंवारिता वापरावी आणि ज्याला जेव्हा गरज पडेल तेव्हा त्याने आपले ‘पॅकेट’, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, सोडून द्यावा, अशी ती योजना होती. दोन पॅकेट एकाच वेळी निघाली तर दोन्ही वाया जात. पोच आली नाही की पाठवणारा अनिश्चित काळ थांबून पुन्हा प्रयत्न करी. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्केच वापरता येते, असे गणिताने दाखवून दिले; तरीही सामायिक लहरींवर हानी गृहीत धरून पुन्हा पाठवत राहण्याची ही कल्पना इतकी सोपी आणि टिकाऊ ठरली की आजचे वायफाय तिच्याच वंशातले आहे. त्यात भर पडली ती बोलण्याआधी कानोसा घेण्याच्या नियमाची. मात्र हा नियमही अपुरा पडतो, हे फौआद तोबागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच मांडले होते: घराच्या दोन टोकांच्या खोल्यांतील दोन संगणकांना मधला राउटर ऐकू येतो, पण ते एकमेकांना ऐकू येत नाहीत, त्यामुळे वाहिनी मोकळी समजून दोघेही एकदमच बोलू लागतात. या अडचणीला ‘लपलेले केंद्र’ म्हणतात, आणि काँक्रीटच्या भिंतींच्या घरांत ती आजही तितकीच खरी आहे.

दुसरा धागा स्वयंपाकघरातून येतो. दुसऱ्या महायुद्धातील रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन या नलिकेने अन्न तापवता येते, हे रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी ओळखले. पुढे १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी काही पट्टे बाजूला काढले गेले आणि २.४५ गिगाहर्ट्‌झच्या भोवतालचा पट्टा त्यांपैकी एक होता. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी उपकरणे याच पट्ट्यात चालत असल्याने दळणवळणाच्या दृष्टीने तो गोंगाटाचा, म्हणून कमी मोलाचा मानला जाई. त्यामुळेच अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये असे पट्टे विनापरवाना दळणवळणाला खुले केले तेव्हा एक कठोर अटही घातली: वापरणाऱ्याने इतरांना व्यत्यय आणू नये आणि इतरांकडून येणारा व्यत्यय तक्रार न करता सोसावा. या सवलतीतून दुकानांतील गल्लायंत्रे तारेविना जोडण्याचा प्रयत्न एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी केला, त्यांच्यातील व्हिक हेज यांनी वायफायचा पाया असलेल्या ८०२.११ मानकाच्या समितीचे नेतृत्व केले आणि १९९७ मध्ये ते मानक प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. परवान्याची गरज नसल्यामुळेच वायफाय इतक्या घरांत पोचले, ही गोष्ट मोठीच आहे. पण ती अटही त्याबरोबर प्रत्येक घरात आली.

तिचा परिणाम जवळून पाहण्यासारखा आहे. साध्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या साधारण अर्ध्या भागातच चालू असतो, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या भारतीय पुरवठ्यावर सुमारे १० मिलिसेकंद गोंगाट आणि तितकीच शांतता. वायफायची लहान पॅकेट त्या शांततेतून निसटतात, लांब पॅकेट मात्र मारली जातात. म्हणूनच ओव्हन चालू असताना जोडणी पूर्ण न तुटता अडखळते. शेजाऱ्यांच्या राउटरची गोष्ट वेगळी आहे. २.४ गिगाहर्ट्‌झमधील वाहिन्या एकमेकींपासून ५ मेगाहर्ट्‌झवर आखलेल्या असल्या तरी प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते, त्यामुळे १, ६ आणि ११ याच तीन वाहिन्या एकमेकींपासून अलग राहतात. गजबजलेल्या सोसायटीत मोकळी दिसते म्हणून ३ किंवा ४ क्रमांकाची वाहिनी निवडणे हा नेहमीचा, पण घातक उपाय आहे. एकाच वाहिनीवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखून आपली पाळी धरतात, अर्धवट एकमेकांवर आलेल्या वाहिन्यांवर मात्र शेजाऱ्याचे बोलणे निव्वळ गोंगाट बनते.

या गर्दीतून सुटका म्हणून ५ गिगाहर्ट्‌झकडे वळल्यावर तुटण्याचे एक नवे कारण जन्माला आले. त्या पट्ट्यात हवामानाची आणि इतर रडारे आधीपासून होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने त्यातील काही भाग वायफायला दिला तो रडारला प्राधान्य राखूनच: ज्या देशांत ही अट लागू आहे तेथे रडारचा स्पंद ऐकू येताच राउटरने १० सेकंदांच्या आत वाहिनी सोडावी लागते, आणि नव्या वाहिनीलाही हीच अट असेल तर ती वापरण्यापूर्वी किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो. घरातल्या माणसाला एवढेच दिसते की सर्व उपकरणे एकदम तुटली आणि मिनिटाभराने आपोआप जोडली गेली. अशा वेळी राउटरच्या नोंदी उघडल्या तर रडार आढळल्याचा उल्लेख बऱ्याचदा सापडतो, आणि ३६ ते ४८ या रडारमुक्त वाहिन्यांपैकी एक कायमची ठरवून दिली की ही तक्रार सहसा थांबते.