उपरा की गावकरी? : बुरशीच्या जनुकातील एका पाहुण्याचा इतिहास

साखर कारखान्यातल्या मळीचा वास आपल्या संकेश्वर-निपाणी भागाला परिचयाचा आहे. मळी आंबवून मद्यार्क करणारे यीस्ट ही एकपेशीय बुरशी. शिळ्या भाकरीवर उगवणारी तिची भावंडे आम्ही जैन अनंत जीवांचे घर मानतो. अशा बुरशीच्या जनुकात एक न बोलावलेला पाहुणा कसा मुरला, त्याचा हा इतिहास.

१९७०च्या सुमारास फ्रान्समध्ये स्लोनिम्स्की यांच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या दोन वाणांचा संकर करताना नवल दिसले. तंतुकणिकेतला 'ओमेगा' हा घटक एकाच वाणात होता, पण जवळजवळ सगळ्या संततीत उतरला. ओमेगा म्हणजे जनुकाच्या मधोमध घुसलेला परका मजकूर, अर्थात इंट्रॉन, हे पुढे कळले. त्यातच एका प्रथिनाची कृती लिहिलेली असते. ते प्रथिन ओमेगा नसलेले जनुक नेमक्या जागी कापते. पेशी तो काप ओमेगा असलेल्या प्रतीवरून सांधते आणि सांधताना इंट्रॉनही उतरवून घेते.

मग जनुक बिघडत कसे नाही? मोडी दस्ताच्या नकलेत परकी ओळ शिरली तर ती कारकुनाला गाळावी लागते. इथे नकलेतली ओळ आपणच गळते. १९८२ मध्ये अमेरिकेत टॉमस चेक यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात दाखवले, की आरएनए प्रथिनाच्या मदतीविना इंट्रॉन कापून उरलेली टोके जोडतो. १९८९ चे नोबेल त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासह मिळाले. न्यूरोस्पोरा बुरशीतही १९८४ मध्ये हेच आढळले. यजमानाचे काम न अडवणारा पाहुणाच टिकतो.

तेही कायमचे नाही. १९९९ मध्ये गोडार्ड आणि बर्ट यांनी यीस्टच्या अनेक जाती तपासून ओमेगाचे चक्र मांडले. सगळ्या प्रतींत इंट्रॉन पोचला की कापायला रिकामी जागा उरत नाही. बिनकामाचे प्रथिन बिघडते, कालांतराने इंट्रॉनही नाहीसा होतो आणि जागा नव्या पाहुण्याला मोकळी होते.

वैद्यकाला याचे मोल मोठे. एड्सने आपल्या पट्ट्यातलीही घरे मोडली. त्या रुग्णांना जीवघेणा न्यूमोनिया देणारा न्यूमोसिस्टिस ही बुरशीच, हे १९८८ मध्ये आरएनएवरून ठरले. त्याच्यावरचे जुने औषध पेंटामिडिन परीक्षानळीत त्याच्या इंट्रॉनचे कापणे रोखते, हे १९९०च्या दशकात दिसले. माणसाच्या पेशीकेंद्रातील जनुकांत असे इंट्रॉन नाहीत, म्हणून आशा वाटते. पण कँडिडाच्या काही वाणांत हा इंट्रॉन आहे, काहींत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यावर नेम धरणारे औषध प्रत्येक घरी लागू पडेलच असे नाही.