सहा तासांचे पाणी

दूरचित्रवाणीवरील मालिकेला इतिहासाचे साधन मानावे काय, या प्रश्नावर बहुतेक अभ्यासक नकारार्थी मान हलवतील. आमचेही मत फारसे निराळे नव्हते. 'डॉ. कोतो शिनरियोजो', म्हणजे 'डॉ. कोतोचा दवाखाना', ही जपानी मालिका पाहिल्यावर मात्र ते बदलले. मालिका जे सांगते त्याइतकेच ती जे सांगत नाही तेही इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडते, असे आम्हाला वाटू लागले.

यामादा ताकातोशी यांच्या, 2000 मध्ये सुरू झालेल्या चित्रकथेवर आधारलेली ही मालिका फुजी टेलिव्हिजनने जुलै 2003 मध्ये सुरू केली. गोतो केनसुके हा तोक्योच्या विद्यापीठ रुग्णालयातला कुशल शल्यविशारद. तिथल्या एका रुग्णाच्या मृत्यूचे ओझे मनावर घेऊन तो शिकिना या काल्पनिक बेटावर येतो. मुख्य भूमी बोटीने सहा तासांवर. आधीचे डॉक्टर टिकलेले नाहीत, म्हणून गावाचा नव्या डॉक्टरवरही विश्वास नाही. पहिल्याच भागात अपेंडिक्सने तळमळणाऱ्या ताकेहिरोला त्याचा कोळी बाप मुख्य भूमीकडे घेऊन निघतो आणि शस्त्रक्रिया अखेर भर समुद्रात, बोटीवरच करावी लागते. बरा झालेला हा मुलगा दवाखान्यासाठी निशाण रंगवतो आणि त्यावर 'गोतो'चे 'कोतो' लिहितो. डॉक्टरला बेटाने दिलेले नाव हे असे एका बालसुलभ चुकीतून आलेले आहे.

कथेमागे एक खरा डॉक्टर आहे. सेतोउए केन्जिरो हे 1978 मध्ये कागोशिमा प्रांतातील शिमोकोशिकी बेटावर गेले. सहा महिने राहावे, एवढाच त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात ते 2017 पर्यंत तिथल्या दवाखान्यात राहिले. या निष्ठेपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु त्या सहा महिन्यांची 39 वर्षे का झाली, हे समजून घ्यायचे तर केवळ व्यक्तीकडे पाहून भागत नाही. जपानने दुर्गम भागांसाठी आरोग्य योजना 1956 पासूनच आखल्या होत्या. 1961 मध्ये आरोग्यविमा सर्व नागरिकांना लागू झाला. तरीही विम्याचा हक्क जितक्या लवकर बेटांवर पोचला, तितक्या लवकर डॉक्टर पोचला नाही. 1972 मध्ये प्रांतांनी एकत्र येऊन जिची वैद्यकीय विद्यापीठ स्थापन केले ते याच उणिवेपायी. पदवीनंतर ठरावीक वर्षे आपल्या प्रांतात, दुर्गम भागासह, सेवा केल्यास शिक्षणाचा खर्च माफ होतो, अशी तिथली योजना आहे. डॉक्टर आपखुशीने जात नाहीत, हे शासनाने मान्य केले होते, असाच याचा अर्थ.

मूळ चित्रकथेतील बेट कागोशिमाकडचे. मालिकेने ते ओकिनावाकडे नेले. चित्रीकरण झाले ते जपानच्या पश्चिम टोकाच्या, तैवानपासून सुमारे 110 किलोमीटरवर असलेल्या योनागुनी बेटावर. निळा समुद्र आणि हिरवी कुरणे पडद्यावर शोभून दिसतात. पण त्या मातीला स्वतःचा एक वैद्यकीय इतिहास आहे. 1945 मध्ये लष्कराच्या आदेशाने याएयामा द्वीपसमूहातील रहिवाशांना हिवतापग्रस्त भागांत हलवण्यात आले. त्या काळात 3,600 हून अधिक माणसे हिवतापाने मेली. पुढे अमेरिकी अंमलाखालील ओकिनावात डॉक्टरांचा इतका तुटवडा पडला की 1951 मध्ये 'काइहो' नावाचा सहायक वैद्यांचा वर्ग निर्माण करावा लागला. पदवी नसलेल्या, पण युद्धकाळात रुग्णसेवा शिकलेल्या अनेकांना मर्यादित उपचारांची परवानगी मिळाली. 1972 मध्ये ओकिनावा जपानकडे परत आल्यावरही ती कायम राहिली. शेवटचा काइहो निवृत्त झाला तो 2008 मध्ये. म्हणजे 2003 साली प्रेक्षक कोतोच्या सायकलकडे कौतुकाने पाहत होते, तेव्हा त्याच प्रांतात हा वर्ग पूर्णपणे अस्तंगत झालेला नव्हता. मालिकेत त्याला जागा नाही. एका देवमाणसाची गोष्ट सांगताना त्याच्या आधी राबलेले, पदवीविना निभावून नेणारे हात बाजूला राहिले, ही आमची तक्रार आहे.

तथापि मालिकेच्या कर्त्यांनी स्वतःच्या कथेला प्रश्न विचारण्याचे धैर्यही दाखवले, हे नमूद करायला हवे. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या चित्रपटात कोतो स्वतःच रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडतो. बेटावर आलेला एक तरुण डॉक्टर गावकऱ्यांना ऐकवतो की, तुम्ही एका माणसाच्या त्यागावर विसंबून जगत आहात. ज्याच्या पोटावर बोटीत टाके पडले होते आणि ज्याने पुढे डॉक्टर व्हायचे ठरवले होते, त्या ताकेहिरोचे वैद्यकीय शिक्षणही अर्ध्यावर सुटलेले असते. वारस हमखास तयार होतो, ही आपल्या सर्वांची लाडकी समजूत इथे मोडते.

योनागुनीवर चित्रीकरणासाठी बांधलेला दवाखाना पुढे प्रेक्षणीय स्थळ झाला. लोक समुद्र ओलांडून तो पाहायला जातात. तिथे कोणत्याही रुग्णावर कधी उपचार झाले नाहीत. आपण कृतज्ञतेने वास्तू जपतो, निशाण फडकवतो, डॉक्टरला देव म्हणतो. आणि देव म्हटल्यावर त्याच्या रजेची, त्याच्या आजारपणाची, त्याच्यानंतरच्या डॉक्टरची तजवीज करण्याचे आपल्या मनातून सहज निसटते. सहा तासांचे ते पाणी कोतोने एकट्याने ओलांडले, हे खरे. दुसऱ्याला ते ओलांडता यावे याची जबाबदारी मात्र त्याची नव्हती.