क्विन्सी जहाजावरची भेट : फिल्ममध्ये काय दिसतं, कागदावर काय आहे

सौदी अरेबियाचे संस्थापक बादशाह अब्दुल अझीझ (इब्न सऊद) आणि अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट एका युद्धनौकेच्या डेकवर शेजारी शेजारी बसले आहेत, हे कृष्णधवल दृश्य आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिलं असेल. तेलाच्या बदल्यात संरक्षण द्यायचा सौदा इथेच ठरला, असं त्यासोबत हमखास सांगितलं जातं. पण त्या दिवसाच्या बोलण्याचा जो अधिकृत लेखी वृत्तांत आहे, त्यात तेलाचा उल्लेखच नाही. त्याची सुरुवात होते ती युरोपातील ज्यू निर्वासित आणि पॅलेस्टाईन यांच्या प्रश्नाने.

भेट कुठे आणि कशी झाली?

तारीख १४ फेब्रुवारी १९४५. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. याल्टा येथे चर्चिल आणि स्टालिन यांच्यासोबतची परिषद उरकून रूझवेल्ट इजिप्तला आले. सुएझ कालव्याच्या मार्गातील ग्रेट बिटर लेक या सरोवरात त्यांची ‘यूएसएस क्विन्सी’ ही क्रूझर नांगरून उभी होती.

बादशाहना आणायला ‘यूएसएस मर्फी’ ही विनाशिका जद्दाला गेली. १२ फेब्रुवारीला ते आपल्या लवाजम्यासह निघाले. डेकवर गालिचे अंथरले गेले, तंबू उभारला गेला. ताज्या गोश्तासाठी जिवंत मेंढ्याही जहाजावर चढवल्या. नमाजच्या वेळी जहाजाचे अधिकारी होकायंत्र पाहून मक्केची दिशा सांगत. याच प्रवासात बादशाहना ‘द फायटिंग लेडी’ हा विमानवाहू नौकेवरचा माहितीपट दाखवला गेला. त्यांना तो आवडला, पण असे चित्रपट आपल्या लोकांना दाखवावेत का, याची त्यांना शंका होती. गंमत म्हणजे त्यानंतर लगेचच ते स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले होते.

हा तपशील मिळतो तो कर्नल विल्यम एडी यांच्या आठवणींतून. एडी यांचा जन्म लेबनॉनमधल्या सैदा शहरातला, त्यामुळे अरबी त्यांना लहानपणापासून येत होती. ते सौदीत अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते आणि या भेटीत दुभाषेही तेच होते. गाजलेल्या फोटोत बादशाहसमोर गुडघा टेकून बसलेले दिसतात ते एडीच.

कॅमेऱ्याने काय टिपलं?

बादशाहचं आगमन, डेकवरच्या खुर्च्या, सलाम-दुआ, हसरे चेहरे. एवढंच. दोघांची खरी चर्चा कॅमेऱ्यासमोर झाली नाही आणि तिचं ध्वनिमुद्रणही नाही. जुन्या न्यूजरीलमध्ये जो आवाज ऐकू येतो, तो निवेदकाचा असतो आणि नंतर जोडलेला असतो.

आणखी एक गोष्ट. पोलिओमुळे रूझवेल्ट यांना चालता येत नसे, पण त्यांची चाकाची खुर्ची शक्यतो फोटोत येऊ दिली जात नसे. त्या दिवशी मात्र खुर्चीलाच मोठं महत्त्व आलं. बादशाहनाही जुन्या जखमांमुळे चालणं जड जात होतं. म्हणून रूझवेल्टनी आपली जादा खुर्ची त्यांना भेट दिली. बादशाहंच्या लेखी ही भेट फार मोलाची होती. सोबत एक डीसी-३ विमानही त्यांना मिळालं.

बोलणं काय झालं?

युरोपातून हाकलल्या गेलेल्या ज्यू निर्वासितांचं काय करावं, असा सल्ला रूझवेल्टनी विचारला. बादशाहचं उत्तर सरळ होतं : ज्यांनी त्यांच्यावर जुलूम केला, त्या जर्मनांच्या जमिनी आणि घरं त्यांना द्या. गुन्हा एकाचा आणि भरपाई दुसऱ्याने करायची, हे त्यांना मान्य नव्हतं. अरब आपली जमीन सोडण्यापेक्षा मरण पत्करतील, हेही त्यांनी सांगितलं.

त्यावर, अरबांविरुद्ध ज्यूंना मदत करणार नाही आणि अरब लोकांच्या विरोधात कोणतंही पाऊल उचलणार नाही, अशी हमी रूझवेल्टनी दिली. सीरिया आणि लेबनॉनचं स्वातंत्र्य, सौदीतली शेती यांवरही बोलणं झालं.

ही हमी ५ एप्रिल १९४५ च्या पत्रात लेखी दिली गेली. त्यानंतर सातच दिवसांनी, १२ एप्रिलला, रूझवेल्ट वारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने ते पत्र जाहीर केलं. पण नवे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं धोरण वेगळं होतं. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि काही मिनिटांतच अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

मग तेलाची गोष्ट खोटी का?

खोटी नाही. फक्त ती या भेटीच्या आधीच सुरू झाली होती. २९ मे १९३३ रोजी कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीशी सौदीचा करार झाला. दम्माम इथल्या आधीच्या विहिरींनी निराशा केली. मार्च १९३८ मध्ये सात नंबरच्या विहिरीला सुमारे १,४४० मीटर खोलीवर भरपूर तेल लागलं. १ मे १९३९ रोजी रास तनुरा बंदरातून पहिलं तेलवाहू जहाज भरलं, तेव्हा व्हॉल्व्ह फिरवायला बादशाह स्वतः हजर होते. १९४३ मध्ये रूझवेल्टनी सौदीचं संरक्षण अमेरिकेसाठी अत्यावश्यक असल्याचं ठरवून मदत सुरू केली होती. म्हणजे भेटीमागे तेल होतंच, पण त्या दिवसाच्या नोंदीत ते नाही.

या उद्योगावरही फिल्म निघाल्या. अरामको कंपनीने १९४८ मध्ये काढलेली ‘डेझर्ट व्हेंचर’ त्यांपैकी एक. कंपनीची फिल्म कंपनीच्या नजरेनेच पाहणार. अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ मॅक्स स्टाइनेके यांचं नाव अशा इतिहासात हमखास येतं. पण वाळवंटात त्यांना वाट दाखवणारे बदू वाटाडे खमीस बिन रिमसान आपल्याकडे कितीजणांना ठाऊक आहेत? सौदीतल्या एका तेलक्षेत्राला त्यांचं नाव दिलेलं आहे.

जुनी फिल्म पाहताना

अमेरिकी सरकारी छायाचित्रकारांनी घेतलेली त्या काळची दृश्यं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत. अशी कोणतीही फिल्म पाहताना किंवा पुढे पाठवताना चार गोष्टी विचाराव्यात :

– कॅमेरा कोणाच्या हातात होता? सरकार, कंपनी की वृत्तसंस्था?
– तारीख आणि ठिकाण फिल्मसोबत नोंदलेलं आहे, की कोणी नंतर लिहिलं?
– आवाज मूळ आहे की मागाहून जोडलेला?
– त्याच प्रसंगाचं पत्र, करार किंवा वृत्तांत उपलब्ध आहे का?

क्विन्सीच्या फिल्ममध्ये दोस्ती दिसते आणि ती खोटी नव्हती. पण त्या दिवशी पॅलेस्टाईनबद्दल काय मागितलं गेलं, काय नाकारलं गेलं आणि कोणता शब्द दिला गेला, ते फक्त कागदावर आहे. घरात मुलांना ती दृश्यं दाखवताना ५ एप्रिलच्या त्या पत्राबद्दलही जरूर सांगा.